गेलेला वास

शेजारीण दोन्ही हातांनी दार बडवत होती आणि त्याला वाटत होतं, खालच्या मजल्यावर कुणीतरी खिळे ठोकतंय. तो आरशासमोर अर्धी दाढी करून उभा होता. दार उघडलं तशी ती त्याला बाजूला सारून थेट स्वयंपाकघरात घुसली, गॅस बंद केला, फडक्यात धरून पातेलं सिंकमध्ये टाकलं आणि वर नळ सोडला. चर्र आवाज झाला. दूध नव्हतंच आता त्यात, तळाला काळा थर होता आणि घरभर निळसर धूर. "अहो भाऊ, जिन्यात उभं राहवत नाहीये कुणाला. आत करत काय होतात?" "दाढी." "आणि वास?" "कसला?" तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, मग तो ओसरला आणि गेले काही महिने सगळ्यांच्या नजरेत येतं ते आलं. "होतं असं," ती म्हणाली. "वहिनी असत्या तर एव्हाना तुमच्या नावाने शंख केला असता. दुसरं दूध आणून देऊ का?" तो नको म्हणाला. ती गेल्यावर त्याने खिडक्या उघडल्या. धुरामुळे डोळ्यांतून पाणी येत होतं. घसा खवखवत होता. पण धुराला वास नव्हता.

त्याने सिंकमधलं पातेलं उचलून नाकाशी धरलं. मग फिनाइलची बाटली उघडली. मग साबण, मग काड्यापेटीतली एक काडी ओढून विझवली आणि तिच्या धुरात तोंड घातलं. नाकात झिणझिण्या आल्या, तेवढंच. हिरव्या बाटलीतलं डोकेदुखीचं औषध त्याने तळहातावर ओतलं आणि ओंजळीत श्वास घेतला. आत गारवा गेला, वास गेला नाही. गाल अर्धा साबणाचा तसाच. तो स्वयंपाकघरातल्या बायकोच्या स्टुलावर बसला आणि तेव्हा त्याला कपाट आठवलं.

कपाटाची गोष्ट अशी होती. बायको गेल्यानंतर तो रोज संध्याकाळी कामावरून आला की कपाटाचं तिच्या बाजूचं दार उघडून उभा राहायचा. कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. सुरुवातीला नुसतं दार उघडलं तरी ती आत उभी आहे असं वाटायचं. पावडर, खोबरेल, मानेवरचा घाम, आणि आणखी एक काहीतरी, ज्याला त्याच्याजवळ शब्द नव्हता. मग तापात तो आठवडाभर अंथरुणात होता. उठला, दार उघडलं, तर कपाट रिकामं. कपडे सगळे जागेवर, घड्या तिच्याच हातच्या, पण कपाट रिकामं. त्याने एकेक कपडा काढून तोंडावर धरला होता. कापड होतं नुसतं, दुकानात असतं तसं. त्या रात्री तो फार रडला. तिला पोहोचवून आला त्या दिवशीही इतका रडला नव्हता. माणूस जातं तेव्हा थोडं मागे राहतं आणि तेही मग आपल्या वेळेला निघून जातं, असं त्याने स्वतःला समजावलं. जेवणाला चव लागेना तेव्हा सगळे म्हणाले, दुःखाने तोंडाची चव जातेच. त्याला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. आणि गेल्या रविवारी लेकीने जेव्हा चाचरत विचारलं, "बाबा, आईचे कपडे कुणाला द्यायचे का, गरजू बायका आहेत माझ्या ओळखीत," तेव्हा तोच म्हणाला होता, "ने. सगळे ने. त्यात आता काही राहिलेलं नाही."

लेक आज येणार होती. तिच्याकडे किल्ली होती. तुम्ही कामावर असताना येऊन कपाट आवरून जाते, म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर नको, असं तिनेच सुचवलं होतं.

वास गेला तो कपड्यांतून गेला नव्हता. तो त्याच्या नाकातून गेला होता. कपाटात ती कदाचित अजून होती.

त्याने उठून कपाट उघडलं. करड्या रंगाचा तिचा स्वेटर वरच होता, कोपरावर रफू केलेला. त्याने त्यात तोंड खुपसलं. लोकर गालाला टोचली, साबण स्वेटरला लागला, तो त्याने बोटाने पुसला. काही नाही. आहे की नाही हे कळायलाच मार्ग नाही. फोन उचलला, लेकीचा नंबर काढला आणि अंगठा तसाच अधांतरी राहिला. काय सांगायचं? नेऊ नकोस. का? का म्हणून विचारलं की नाकाचं सांगावं लागणार, नाकाचं सांगितलं की दुधाचं निघणार, आणि मग ती गेले काही महिने म्हणते आहे तेच म्हणणार, की बाबा, तुम्ही एकटे राहायचं नाही, गॅसजवळ जायचं नाही आणि ते काम तर मुळीच करायचं नाही. ती चुकीचं म्हणाली नसती, हीच अडचण होती. कारखान्यात तो जिथे उभा असायचा तिथे गेलेल्या नाकाचा माणूस उभा राहू शकत नव्हता. फोन खिशात टाकून त्याने उरलेली दाढी कोरड्यानेच ओढली आणि हनुवटीला कापून घेतलं.

बसमध्ये त्याच्या शेजारी बसलेल्या बाईने जरा सरकून घेतलं. म्हणजे अंगाला तेलाचा वास असणार. तो होताच, वर्षानुवर्षं होता, तो धुऊन जात नव्हता. हॉटेलांत तळून तळून काळं झालेलं तेल गोळा करायचं, गाळायचं, त्यातलं पाणी काढायचं आणि त्याचं गाड्यांत घालायचं इंधन करायचं, हे त्याचं काम. लग्नानंतर त्याने हे काम धरलं तेव्हा तो टेम्पोवर होता. हॉटेलांच्या मागच्या दारी जाऊन पिंप उचलायची. तेव्हा शेठचा कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, एक टाकी आणि एक हलणारा पंप. पिंपाचं झाकण उघडलं की तो वाकून हुंगायचा आणि सांगायचा, यात मासे तळलेत, यात बटाटे, यात खाली पाणी आहे, आणि हे घेऊ नका, यात कुणीतरी गाडीचं जळकं ऑइल ओतलंय. हॉटेलवाले शपथा घ्यायचे. शेठ त्याच्याकडे बघायचा आणि पिंप परत जायचं. असं करत टेम्पोवरून तो शेडमध्ये आला, शेडमधून टाक्यांवर, आणि शेवटी रिअॅक्टरवर, जिथे तेलाचं इंधन होतं. पत्र्याच्या शेडचा कारखाना झाला, प्रयोगशाळा आली, तरी त्याचं नाव राहिलं नाकोबा. "नाकोबाला विचारा." "नाकोबा हो म्हणाले का?" बायको ऐकून हसायची. "तिकडे देव करून ठेवलंय नाकाला. आणि घरात माझ्या डोक्यावर मिरवत येता हा वास. पडदेसुद्धा तुमच्या तेलाचे झालेत." कामाचे कपडे आत आणायचे नाहीत, गॅलरीतच टांगायचे, हा तिचा कायदा होता. तरी रात्री झोपताना ती त्याच्या दंडाला नाक लावायची आणि म्हणायची, "आज बटाटे होते वाटतं." बहुतेक वेळा बरोबर असायची.

बस थांबली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तो उतरायला उठलेला नाही. मग घाईने उठला.

फाटकातून आत जाताना त्याच्या मनात एकच हिशेब चालू होता, आणि तो नीट लागत होता म्हणूनच त्याला घाम फुटत होता. ताप येऊन गेला तेव्हापासून नाक गेलं. तेव्हापासून तो रोज रिअॅक्टरवर उभा होता. गरम तेलात मिथेनॉल सोडायचं असतं. ते पाण्यासारखं पातळ, पोटात गेलं तर माणूस आंधळा होतो, आणि पेटलं तर दिवसाउजेडी त्याची ज्योतसुद्धा दिसत नाही. नळीच्या जोडावरून किंवा झाकणाखालून त्याची वाफ सुटत असली तर पंप लावायचा नाही, एवढा साधा नियम. वाफ पकडणारं एक यंत्र भिंतीवर होतं. ते कारण नसताना कोकलायचं, म्हणून आधी त्याचा आवाज बंद केला गेला आणि मग ते दुरुस्तीला गेलं, ते अजून आलेलं नव्हतं. कुणाला त्याची घाईही नव्हती. नाकोबा होते ना. रोज तो झाकणावर वाकायचा, जोडावर वाकायचा, आणि म्हणायचा, "काही नाही. लाव." आणि पैलवान पंप लावायचा. पैलवान म्हणजे त्याचा जोडीदार. वाऱ्याने उडेल असा काटकुळा, म्हणून पैलवान. गेल्याच आठवड्यात पैलवान डोकं धरून पायरीवर बसला होता. "नाकोबा, डोळे चुरचुरतायत." आणि हा म्हणाला होता, "रात्री मोबाइल बघत बसतोस, दुसरं काय." पैलवान हसला होता. बायकोने फोन लपवून ठेवलाय म्हणाला होता. डोकं धरून हसला होता.

आत सगळं रोजच्यासारखं होतं आणि रोजच्यासारखं असणंच त्याला सहन होत नव्हतं. गाळण्याच्या जाळीवर कुणाच्या तरी ताटातलं उरलेलं, जळकं, काळं चिकटलं होतं. निवळायला ठेवलेल्या टाकीच्या काचनळीत खाली काकवीसारखं ग्लिसरीन आणि वर मधासारखं पिवळं इंधन, मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. ही रेघ बघायला त्याला नेहमी आवडायचं. आज तो बघत राहिला तर पैलवान पाठीमागून म्हणाला, "काय नाकोबा, हनुवटीला कुणी चावलं?" "कापलं." "या वयात दाढी घाईत करायची नसते. टँकर दुपारी येतोय, शेठचा सकाळपासून जीव वर-खाली चाललाय." प्रयोगशाळेतली मॅडम खिडकीतून डोकावली. तिला तो शाळेतल्या मुलीसारखं वागवायचा आणि ती त्याला काका म्हणायची. "काका, तेलाची तपासणी झाली. आम्लता बरी आहे, पाणी नाही. मिथेनॉलचं मिश्रण तयार आहे. तुम्ही बघून घ्या आणि सोडा."

तुम्ही बघून घ्या.

तो लोखंडी जिना चढला. पायऱ्या तेलकट, कठडा तेलकट. वर रिअॅक्टरचं पोट गरम होतं, आतलं तेल तापून फिरत होतं, मोटारीची घरघर तळपायातून वर येत होती. पैलवान खाली पंपाच्या बटणाजवळ जाऊन उभा राहिला आणि रोजच्यासारखं वर तोंड करून वाट बघू लागला. हा झाकणावर वाकला. गरम पत्र्याची ऊब गालाला लागली. त्याने श्वास घेतला. छाती भरली, नाकातून हवा आत गेली, बाहेर आली. मग मिथेनॉलच्या नळीचा जोड. त्यावर वाकला. डोळे मिटले. एके काळी डोळे मिटले की इथे एक अख्खं गाव उभं राहायचं, हे इकडे, ते तिकडे, प्रत्येकाचं आपलं घर. आता मिटल्या डोळ्यांमागे नुसता काळोख होता, स्वच्छ धुतलेला. डोळे चुरचुरले का? चुरचुरले असं वाटलं. सकाळच्या धुराने असेल. भीतीने असेल. त्याने बोट जोडावरून फिरवलं. बोट गार लागलं. हवेनेही लागतं.

"नाकोबा?" खालून पैलवान.

काही नाही, लाव. एवढे शब्द होते, आणि ते तोंडात आयतेच तयार होते. जीभ त्यांच्यासाठी हललीसुद्धा. काही होणार नाही. इतके महिने झालं नाही. ही एक खेप उरकावी, टँकर भरून जाऊ द्यावा, मग उद्या डॉक्टरकडे जावं, कुणाला कळण्याआधी. लेकीलाही डॉक्टरकडून आल्यावर सांगावं. सगळं नीट, क्रमाने. तिने कपाट आवरलं असेल का एव्हाना? त्याने स्वतःच सांगितलं होतं, त्यात आता काही राहिलेलं नाही. खात्रीने सांगितलं होतं. आणि लेकीने विश्वास ठेवला होता, कारण बाबांचं नाक. आता खाली हा काटकुळा तोंड वर करून उभा होता, तोच विश्वास घेऊन, बोट बटणावर.

"पंप लावू नको," तो म्हणाला.

"येतोय का वास?"

"तू वर ये."

"मी? मी काय करू वर?"

"ये म्हणतो ना."

पैलवान कुरकुरत जिना चढला. "माझं नाक म्हणजे नुसतं चष्मा ठेवायला आहे हो. बायको म्हणते..." जोडापाशी येऊन तो वाकला आणि झटका बसल्यासारखा मागे झाला. "अरे बाप रे. हे केवढं सणकून लागतंय! तुम्हाला... तुम्ही आत्ता इथेच वाकला होता ना?" हा कठड्याला धरून उभा होता. पैलवानने पुन्हा जोडाकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. गेल्या आठवड्याची पायरी, डोकं, डोळे, सगळं त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून येताना दिसलं. "माझं नाक गेलंय," हा म्हणाला. "ताप आला तेव्हापासून. मला आज सकाळी कळलं. दूध जळलं तेव्हा." पैलवानने काहीतरी टोचून बोलावं असं याला फार वाटलं. शेवटी पैलवान हळू आवाजात म्हणाला, "मला दोन लेकरं आहेत, नाकोबा," आणि जिना उतरून मुख्य बटण बंद करायला गेला. मोटारीची घरघर थांबली. इतकी शांतता झाली की तेल आतल्या आत फिरत मंदावताना ऐकू येत होतं.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवत राहिलं. मॅडमने सगळी दारं उघडायला लावली, सगळ्यांना अंगणात काढलं. जोडातली रबरी चकती फाटून जुन्या भाकरीसारखी तडकली होती. शेठचा फोन आला, मॅडम त्याच्याशी बोलताना पाठमोरी झाली, "नाही, यंत्र आल्याशिवाय नाही. टँकर परत गेला तर जाऊ दे," असं म्हणाली आणि मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. मग याच्याकडे येऊन म्हणाली, "काका, मशीन दुरुस्तीला पाठवलं तेव्हाच मी काम थांबवायला हवं होतं. तुमच्या नाकावर मी कारखाना चालवला." ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. "तुम्ही आता रिअॅक्टरवर नाही," ती म्हणाली. "काय ते शेठ ठरवतील. आज घरी जा." पैलवान भिंतीला टेकून पाणी पीत होता. हा त्याच्यासमोरून जाताना थांबला. "डोळे दाखवून घे डॉक्टरला," तो म्हणाला. "आजच." पैलवानने मान हलवली. मग तोंड पुसून म्हणाला, "आता तुम्हाला नाकोबा नाही तर म्हणायचं तरी काय?" आणि हसला नाही.

रस्त्यावर आल्यावर त्याने लेकीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बस येत नव्हती म्हणून रिक्षा केली आणि रिक्षात पुढे झुकून बसला, जणू त्याने ती लवकर पोहोचणार होती. सिग्नलला रिक्षावाला म्हणाला, "तेल सांडलंय का कुठे? वास येतोय." "माझा आहे," हा म्हणाला. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. याच्या डोक्यात बायकोचा शेवटचा महिना चालू होता. ती शेवटी बोलत नव्हती, पण तो बिछान्याजवळ आला की डोळे न उघडता नाकपुड्या किंचित हलवायची. तो रोज विचारायचा, सांग बघू, आज काय होतं? आणि ती ओठ हलवायची. शब्द निघायचा नाही. तो मग स्वतःच सांगायचा, बटाटे, मासे, जे असेल ते. एकदा तो, बरोबर सांगितलंस हं, असं म्हणाला होता. ती हसल्यासारखी झाली होती.

जिन्यात पहिल्याच वळणावर त्याला कपडे धुण्याच्या मशीनचा आवाज आला. त्याच्या घरातलाच. तो पायऱ्या दोन-दोन करत चढला. दार उघडं होतं. गॅलरीतली दोरी बायकोच्या ओल्या, जड कपड्यांनी भरलेली, त्यांतून पाणी ठिबकत होतं. मशीन शेवटचे गरगर फेरे घेत होतं. लेक बाह्या वर करून ओट्यापाशी उभी होती, काळं पातेलं घासत. "बाबा? इतक्या लवकर? फोन आत राहिला माझा. आणि हे पातेलं काय झालंय? शेजारच्या काकू सांगत होत्या..."

"धुतलेस सगळे?"

"मग? द्यायचे तर धुऊन द्यायला नकोत? आईने तसेच दिले असते का?" मग त्याचा चेहरा पाहून तिने पातेलं खाली ठेवलं. "काय झालं?"

"सगळे?"

"सगळेच. तो एक स्वेटर राहिलाय. लोकर मशीनमध्ये आटते. तो हाताने धुणार होते. त्याला साबण कुठून लागला कोण जाणे."

स्वेटर स्टुलावर होता, पालथा, बाह्या आत दुमडलेल्या. शेजारी बादलीत पाणी काढून ठेवलेलं. त्याने तो उचलला आणि तिच्यापुढे धरला. "याला वास आहे का, सांग."

"म्हणजे?"

"आईचा. आहे का सांग. मला येत नाही. मला कशाचाच येत नाही, तापापासून. म्हणून दूध जळलं. म्हणून मी तुला म्हटलं की काही राहिलं नाही." आणि एकदा तोंड उघडल्यावर त्याने कारखान्याचंही सांगितलं, जोडाचं, पैलवानाचं, सगळं. लेकीचे ओले हात हवेत तसेच होते. ती आता बोलणार, बॅग भरा म्हणणार, याची त्याने तयारी ठेवली. म्हणाली असती तर तो भरणार होता. ती म्हणाली नाही. तिने हात आपल्या कपड्यांना खसाखसा पुसले, स्वेटर घेतला आणि लहानपणी आईच्या पोटात तोंड खुपसायची तसं त्यात तोंड खुपसलं.

मशीन थांबलं. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. तिचे खांदे बघून काही कळत नव्हतं. त्याला वाटलं, ही मला बरं वाटावं म्हणून हो म्हणेल. आणि मला ते कधीच कळणार नाही. पैलवान खालून वर बघायचा तसा तो तिच्याकडे बघत उभा राहिला.

"आहे," ती आतूनच म्हणाली.

तिने तोंड वर काढलं. नाक लाल झालं होतं. पुन्हा एकदा मानेपाशी हुंगलं, या वेळी सावकाश, एखादी वस्तू तपासावी तसं, आणि तिच्या कपाळाला आईसारखी आठी पडली.

"पण तुमच्या तेलाचाही आहे, बाबा. इथे, गळ्याशी. ती तुमच्या दंडावर डोकं ठेवायची तिथे." आणि जरा थांबून, नाक मुरडत, "बटाटे वाटतात."

तो स्टुलावर बसला. लेकीने बादलीतलं पाणी मोरीत ओतून दिलं.